स्पेनमधील आरांदा दे दुएरो : वाइन आणि कोकराच्या गावी शाकाहारी जोडीदारासह जावे का?

सातरस्ता_सोलापूर (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. आमची मुलगी दोन वर्षांपासून माद्रिदला नोकरी करते आणि येत्या सप्टेंबरअखेर आम्ही दोघे तीन आठवड्यांसाठी तिच्याकडे जात आहोत. माद्रिद, तोलेदो, बार्सेलोना वगैरे नेहमीचे सगळे तिने आखून ठेवले आहे. माझा हट्ट एवढाच आहे की, फार मोठे नसलेले एखादे जुने गाव पाहावे, जिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जे खात-पीत आली ते त्याच गावात, त्याच पद्धतीने आजही मिळते. या शोधात आरांदा दे दुएरो हे नाव पुढे आले. माद्रिदच्या उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर, बुर्गोस प्रांतात, दुएरो नदीच्या काठी हे गाव आहे. गावाच्या पोटात मध्ययुगापासून खोदलेली वाइनची तळघरे आहेत आणि वर, लाकडाच्या भट्टीत भाजलेले कोकरू वाढणाऱ्या खानावळी आहेत, असे वाचनात आले.

अडचण अशी की, आमच्या सौभाग्यवती लिंगायत घरातल्या, पूर्ण शाकाहारी आणि अंडेही न खाणाऱ्या आहेत. मी मांसाहार करतो, परंतु मद्याशी माझा संबंध वर्षाकाठी एखाद्या लग्नात घोटभर घेण्यापुरताच आहे. मुलगी म्हणते, "बाबा, जे गाव मटण आणि वाइन यांवरच जगते तिथे आईने काय करायचे?" तिच्या या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. शिवाय आमच्याकडे गाडी नसेल. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत माद्रिदला परतणे जमते का, की त्यापेक्षा सेगोविया बरे, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

विजापूरवेस

काका, मी तीन वर्षे बायादोलिदला एका कारखान्यात नोकरीला होतो. तिथून आरांदा सव्वा तासाच्या अंतरावर असल्याने चार-पाच वेळा जाणे झाले. आरांदात पाहण्यासारखे जे मुख्य आहे ते पायाखाली आहे आणि ते पाहण्यासाठी कुणाला थेंबभरही प्यावे लागत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांत आणि खळ्यांत ज्वारीची पेवे असत, ती आपण लहानपणी पाहिली असतील. वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, आत फुगत गेलेले पोट आणि वर्षानुवर्षे एकसारखा राहणारा थंडावा. आरांदाची तळघरे, ज्यांना ते 'बोदेगा' म्हणतात, ही याच विचाराची फार मोठी आवृत्ती आहे. साधारण बाराव्या-तेराव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत लोकांनी आपापल्या घरांखाली दहा-बारा मीटर खोल गाळे खोदले. ते वाढत जाऊन एकमेकांच्या शेजारी आले आणि आज जुन्या गावाखाली अशी सुमारे ७ किलोमीटर लांबीची भुयारे आहेत. आत बाराही महिने बारा-तेरा अंश तापमान असते. ऐन उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांचा चटका सोसणाऱ्या सोलापूरकराला तिथे दहाव्या मिनिटाला आपल्या चादरीची आठवण होते, तेव्हा काकूंसाठी शाल जवळ असू द्यावी.

एवढे खोदकाम करण्याचे कारण साधे होते. द्राक्षे वर चेचून काढलेला रस खाली नेऊन मुरवायचा आणि वर्षभर एकाच तापमानाला ठेवायचा, तर जमिनीइतकी स्वस्त दुसरी सोय नव्हती. वाइन बकऱ्याच्या कातड्याच्या पखालीत भरून माणसे त्या पायऱ्यांवरून खांद्यावर वाहून नेत. मी पाहिलेल्या एका तळघरातल्या पायऱ्या मधोमध अशा झिजल्या होत्या की, पाऊल आपोआप त्या खळग्यात जाऊन बसत होते. भिंतीवर दर काही हातांवर एक छोटा कोनाडा आणि त्याच्या वरच्या बाजूला काजळीचा जिभेसारखा काळा पट्टा होता. आमच्या वाटाड्या बाईंनी सांगितले की, हे कोनाडे दिव्यांसाठी असले तरी मेणबत्तीचे खरे काम वेगळे होते. द्राक्षरस आंबताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो आणि नकळत माणसाचा जीव घेतो. त्याला तिथे 'तूफो' म्हणतात. मेणबत्ती खाली धरून उतरायचे आणि ती विझली की तसेच माघारी फिरायचे. माझे आजोबा पेव उघडल्यावर आधी कंदील दोरीने सोडायचे आणि तो तेवत राहिला तरच गड्याला उतरू द्यायचे. ही गोष्ट मी त्या बाईंना मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितली, तेव्हा त्यांनी ती गटातल्या सगळ्यांना पुन्हा सांगितली.

हा वायू बाहेर जावा आणि ताजी हवा आत यावी म्हणून तळघरांतून वरपर्यंत उभी धुराडी काढलेली असत. त्यांना 'थार्थेरा' म्हणतात. गावात फिरताना एखाद्या भिंतीच्या पायथ्याशी लोखंडी जाळी दिसली तर तिच्यावर तळहात धरून पाहावा, खालचा गारवा लागतो.

आता या तळघरांत वाइन तयार होत नाही, ते काम गावाबाहेरच्या आधुनिक कारखान्यांत चालते. काही तळघरे पर्यटकांसाठी उघडी आहेत, काहींत खानावळी आहेत आणि बरीचशी 'पेन्या' म्हणजे मित्रमंडळांच्या ताब्यात असून ते लोक सणावाराला तिथे जमून जेवतात. पाहण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, तेव्हा मुलीला गावच्या पर्यटन कार्यालयात आगाऊ चौकशी करायला सांगावे. पायऱ्या उंच आणि ओलसर असतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर किती पायऱ्या आहेत ते आधीच विचारावे, संकोच करू नये.

जाण्या-येण्याविषयी सांगायचे तर आरांदाला आता प्रवासी रेल्वे नाही. माद्रिदहून थेट बस आहे आणि तिला दोन तासांच्या आसपास लागतात. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणे शक्य आहे, परंतु मी तसे करू नका असेच सांगेन. तिथे दुपारचे जेवण दोन ते चार या वेळेत असते, त्याच वेळेपासून पाच-साडेपाचपर्यंत दुकाने बंद असतात आणि गाव पुन्हा जागे होते ते संध्याकाळी, म्हणजे नेमके आपण परतीच्या बसमध्ये बसतो तेव्हा. एक रात्र राहावे. शनिवार-रविवार टाळावा, कारण माद्रिदचे लोक खास जेवायला तिथे येतात आणि चांगल्या खानावळीत जागा मिळत नाही.

पार्कचौपाटी

मी सेगोवियाच्या बाजूने बोलणार आहे, कारण आरांदाच्या बाबतीत आमची फजिती झाली होती. आम्ही माद्रिदमधल्या एका सहल कंपनीमार्फत गेलो. त्यांनी एका दिवसात सेगोविया, पेन्याफिएलचा किल्ला आणि आरांदा असे तीन ठिकाणांचे गाठोडे बांधले होते. आरांदाला पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते, भट्ट्या थंड झाल्या होत्या आणि तळघराची शेवटची फेरी निघून गेली होती. चौकातल्या एका दुकानात थंड सँडविच खाऊन आम्ही परत बसमध्ये बसलो. त्यामुळे विजापूरवेस यांचा मुक्कामाचा सल्ला मी माझ्या पैशांनिशी खरा ठरवला आहे, असे समजा.

सेगोवियाला माद्रिदहून वेगवान रेल्वेने अर्धा तासही लागत नाही. मात्र ते स्थानक गावाबाहेर आहे, तिथून शहर-बस घ्यावी लागते. रोमनांनी चुन्याविना नुसते ग्रॅनाइटचे दगड एकावर एक रचून उभारलेला तिथला जलसेतू सुमारे २८ मीटर उंच आहे. काकूंना तो पाहूनच जाण्याचे सार्थक वाटेल. खाण्यात तिथे दूध पिणाऱ्या डुकराच्या पिल्लाचा मान आहे. ते इतके मऊ भाजतात की, सुरीऐवजी बशीच्या कडेने कापून दाखवतात आणि मग ती बशी जमिनीवर फोडतात. शाकाहारी माणसाच्या शेजारच्या टेबलावर हा सोहळा झाला तर काय वाटेल, याचा विचार आपण करावा. आमच्या आईने डोळे मिटून घेतले होते.

आरांदाचे कोकरू मी नंतर दुसऱ्या वर्षी मुद्दाम जाऊन खाल्ले, तेव्हा त्याविषयीही प्रामाणिकपणे लिहितो. त्याला 'लेचाथो' म्हणतात, कारण ते फक्त आईच्या दुधावर वाढलेले असते. कास्तिया-लेओन प्रदेशाच्या भौगोलिक मानांकनाच्या नियमांप्रमाणे त्याचे वय ३५ दिवसांपेक्षा जास्त असता कामा नये. चुर्रा ही तिथली जुनी मेंढी मुळात दुधासाठी पाळली जाते. पिल्लू लवकर दूर केले तरच दूध चीजला उरते, त्यातून ही पद्धत पडली. कोकराचे चार भाग करतात, एक भाग मातीच्या पसरट भांड्यात ठेवतात, त्यावर मीठ आणि तळाला थोडे पाणी, आणि लाकडे जाळून तापवलेल्या घुमटाकार भट्टीत दोन-तीन तास. बस्स. कांदा नाही, लसूण नाही, काळा मसाला तर स्वप्नातही नाही. आपल्याकडे मटण म्हटले की आधी तवंग डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे पहिला घास मला चक्क फिका लागला. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला वरची कातडी पापडासारखी फुटली, आतले मांस हाडावरून नुसत्या बोटाने सुटले आणि तळाशी उरलेले पाणी भाकरीसारख्या पावाने पुसून खाताना मी बोलणे बंद केले. एक चतुर्थांश भाग दोघांना पुरतो. आपण एकटेच खाणार असाल तर मुलीला जोडीला घ्या, नाहीतर सांगतानाच अर्ध्याविषयी विचारा.

सोबत फक्त पानांची कोशिंबीर असते. तिच्यावर चीज-बीज घालायला सांगू नये. मी सांगितले आणि वाढणाऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे असे पाहिले की, मी जणू पुरणपोळीवर सॉस मागितला होता.

हुग्गी_आणि_दूध

काकूंच्या बाजूने कुणीतरी लिहायला हवे म्हणून लिहिते. मी स्वतः शाकाहारी आहे आणि यजमानांसोबत आरांदाला दोन दिवस राहिले आहे. उपाशी राहिले नाही, पण सावध राहावे लागले.

पहिली गोष्ट अशी की, तिकडे नुसते 'शाकाहारी' म्हटल्याने काम भागत नाही. मसूर, पांढरे घेवडे, कोबी, लसणाचे सूप हे सगळे दिसायला आपले असते आणि चवीसाठी त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा टाकलेला असतो. पुष्कळ जणांच्या लेखी 'खामोन' (डुकराची मीठ लावून मुरवलेली मांडी) म्हणजे मांसच नव्हे, ती चव आणणारी वस्तू. तेव्हा "सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो" म्हणजे मांस, खामोन, मासे आणि अंडे नको, असे चारही शब्द मोबाइलवर लिहून दाखवावे. मोर्थिया नावाचा काळा पदार्थ भातामुळे फसवा दिसतो. त्यात तांदूळ असतो हे खरे, पण तो रक्तात शिजवलेला असतो.

चीजविषयीही सांगते. बुर्गोसचे ताजे पांढरे चीज आपल्या पनीरसारखे दिसते, पण स्पेनमधली बरीच चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात. काकू कडक पाळत असतील तर विचारल्याशिवाय खाऊ नये.

खाण्यासारखे काय मिळाले ते आता लिहिते. लाकडाच्या भट्टीत भाजून सोललेल्या लाल मिरच्या, त्यांवर नुसते मीठ आणि ऑलिव्ह तेल. तिखट अजिबात नसतात, त्यामुळे मी पिशवीतली शेंगा चटणी काढली आणि मग जेवणाला जेवणपण आले. पावसाळी हवेनंतर रानातली अळंबी तव्यावर परतून मिळते. भाजलेले वांगे, बटाटे आणि टोमॅटो कुठेही मिळतात. आणि 'तोर्ता दे आरांदा' हा तिथला पाव. थाळीएवढा गोल, चपटा, वरून ऑलिव्ह तेल लावलेला, बोटांनी खळगे पाडून भट्टीत भाजलेला. सकाळी बेकरीतून गरम आणला तर कडा कुरकुरीत आणि पोट मऊ असते. आपली कडक भाकरी टिकाऊ, ती तशी नाही, संध्याकाळपर्यंत चिवट होते. त्यावर नुसते तेल-मीठ घालून आम्ही नदीकाठच्या बाकावर बसून खाल्ला, तेच माझे तिथले सर्वांत आवडते जेवण.

पाहण्यासाठी सांता मारिया चर्चचे दक्षिणेकडचे दगडी प्रवेशद्वार चुकवू नये. सिमोन दे कोलोनिया या शिल्पकाराच्या नावाने ते ओळखले जाते. दगड आहे की जाळीदार लेस आहे असा प्रश्न पडावा इतके बारीक काम आहे. मी समोरच्या पायरीवर अर्धा तास बसून होते आणि यजमान तेवढ्यात एक पेला संपवून आले.

नान्नज_बागायतदार

आमच्या भागातला माणूस द्राक्षाच्या गावी निघाला आणि कुणी बागेविषयी बोलले नाही, म्हणून लिहितो. नान्नजच्या मातीतून सोनाका आणि शरद सीडलेससारखी वाणे आली, तेव्हा द्राक्ष आम्हाला नवे नाही. पण तिकडची बाग पाहिल्यावर आपण द्राक्षाची एकच बाजू जाणतो असे वाटले.

मी कृषी अभ्यास दौऱ्यात रिबेरा देल दुएरो भागात गेलो होतो. नदीच्या दोन्ही अंगांना सुमारे ११५ किलोमीटर लांबीचा हा पट्टा आहे आणि १९८२ साली त्याला स्वतःच्या नावाचे संरक्षित मानांकन मिळाले. बागा समुद्रसपाटीपासून सात-आठशे मीटर आणि त्याहून उंचावर आहेत. पाऊस आपल्यासारखाच बेताचा, उन्हाळ्यात दिवसा कडक ऊन आणि रात्री एकदम थंडी. दिवसाने साखर भरते आणि थंड रात्रीने आंबटपणा टिकतो, हा तिथल्या वाइनचा पाया आहे. आपल्याकडे रात्र तेवढी थंड होत नाही. हिवाळ्यात तिथली वेल पूर्ण झोपते, म्हणून छाटणी एकदाच. आपली वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी अशी दोनदा कात्री चालवावी लागते आणि माल फेब्रुवारी-मार्चला निघतो. आपण सप्टेंबरअखेर जात आहात, तो तिकडचा तोडणीचा हंगाम आहे. एक मुक्काम वाढवून एखाद्या बागेत सकाळी जाता आले तर जरूर जावे. मात्र तोडणीच्या धांदलीत मालकांना पाहुण्यांसाठी वेळ नसतो, म्हणून आधी वेळ घ्यावी.

तिथले मुख्य द्राक्ष म्हणजे तेम्प्रानियो. त्या भागात त्याला 'तिंतो फिनो' म्हणतात. घड हातात घेतला तर आपला कुठलाही व्यापारी तोंड फिरवील. मणी लहान, साल जाड, आत बिया. आपण मणी फुगावा म्हणून जीएचे (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाचे) घड-बुडवे देतो, आणि वाइनवाल्याला नेमके ते नको असते. रंग आणि चव सालीत असते, त्यामुळे मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. जुन्या वेलींना तारेचा मांडव नाही, एकेक वेल गुडघाभर उंचीच्या झुडपासारखी सुटी उभी असते. एका वेलीवर इतका थोडा माल पाहून मी त्या शेतकऱ्याला विचारले की परवडते कसे. त्याने बाटलीवरच्या चिकटपट्टीकडे बोट दाखवले. मानांकनाचा क्रमांक असलेली ती पट्टी हीच त्याची हमी किंमत होती.

आपण थोडेच घेणार असाल तर पट्टीवरचे शब्द समजून घ्यावेत. 'क्रिआन्था' म्हणजे किमान दोन वर्षे मुरलेली, त्यांतले एक वर्ष ओकच्या पिंपात. 'रेसेर्वा' म्हणजे तीन वर्षे, त्यांत पिंपात किमान एक. 'ग्रान रेसेर्वा' म्हणजे पाच वर्षे आणि पिंपात दोन. पहिल्यांदा घेणाऱ्याने क्रिआन्थाचा एक पेला जेवणाबरोबर घ्यावा. रिकाम्या पोटी घेतली तर तुरट लागते आणि उगाच नाव खराब होते. घरी आणायची असेल तर भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते, म्हणजे दोन बाटल्या, आणि त्या चेक-इन सामानात कपड्यांत गुंडाळून.

पार्कचौपाटी यांनी पेन्याफिएलचा उल्लेख ओझरता केला. आरांदाहून साधारण ४० किलोमीटरवर टेकडीच्या धारेवर जहाजासारखा लांबट असा तो किल्ला आहे आणि त्याच्या आतच वाइनचे संग्रहालय आहे. तिथे टॅक्सीने निवांत जावे, सहल कंपनीच्या बसमध्ये बसून नव्हे. आणि स्पेनला जाण्याआधी सराव करायचा असेल तर आपल्याच जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्लीच्या बागा आणि वाइनरी आहे. पंढरपूरला जाऊन बेदाण्याचे सौदे पाहणारे आपण, शेजारी ओकची पिंपे रचलेली आहेत हे विसरतो.

सातरस्ता_सोलापूर (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, आभारी आहे. पेवाची गोष्ट सौभाग्यवतींना वाचून दाखवली. त्यांच्या माहेरच्या वाड्यात पेव होते आणि एका वर्षी त्यात उतरलेला गडी बेशुद्ध होऊन दोरीने वर काढावा लागला होता, हे लग्नाला छत्तीस वर्षे होऊनही मला आज प्रथम कळले. त्यामुळे आरांदा पक्के झाले आणि तेही त्यांच्याच आग्रहाने. मंगळवारी जाऊन गुरुवारी परतायचे, म्हणजे दोन मुक्काम. बुधवारी सकाळी तळघर, दुपारी मी आणि मुलगी कोकरू खाऊ व सौभाग्यवती भाजलेल्या मिरच्या आणि तोर्ता खातील, गुरुवारी पेन्याफिएल. सेगोविया रेल्वेने स्वतंत्रपणे एका दिवसात करू, मात्र जेवायला माद्रिदला परत येऊ.

एकच शंका उरली. शेंगा चटणी, कडक भाकरी आणि मुलीसाठी पेढे विमानतळावर अडवतील का?

हुग्गी_आणि_दूध

चटणी आणि भाकरी बिनधास्त न्याव्यात. पेढे मात्र नेऊ नयेत, कारण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाने सोबत आणायला तिथे मनाई आहे. चटणी दुहेरी पिशवीत बांधून चेक-इन सामानात ठेवावी. आमची एक पिशवी सुटली होती आणि यजमानांच्या सगळ्या सदऱ्यांना माद्रिदपर्यंत लसणाचा वास येत होता.